पन्हळ भरून वाहते तेव्हा: तुमच्या घरचा अनुभव सांगा

गेली तीन वर्षं आमच्या घराची मागची पन्हळ जोराचा पाऊस आला की मधूनच ओसंडायची. पाणी भिंतीवरून ओघळायचं, आतल्या खोलीत जमिनीपासून हातभर ओल चढायची, रंगाचे पापुद्रे सुटायचे. दर वेळी उपाय एकच, शिडी लावा आणि पन्हळ साफ करा. मागच्या पावसाळ्यात तीनदा केली. तिसऱ्यांदा आत मूठभर पानंसुद्धा निघाली नाहीत, तरी दुसऱ्या दिवशी पाणी त्याच जागेवरून खाली.

शेवटी एका संध्याकाळी धो धो पाऊस चालू असताना छत्री घेऊन मागे जाऊन उभा राहिलो. वीसेक मिनिटं नुसतं बघत होतो. उतरत्या पाईपाच्या तोंडाशी पाणी जेमतेम दोन बोटं, आणि मधल्या पट्ट्यात पन्हळ काठोकाठ. तिथली एक ब्रॅकेट वाशातून सुटली होती आणि पन्हळीला झोळ पडला होता. कचऱ्याचा काही संबंधच नव्हता. वीस मिनिटांत जे दिसलं ते तीन वर्षं कोरड्या दिवशी शिडीवर चढून दिसलं नव्हतं.

म्हणून तुम्हा सगळ्यांना विचारतो. तुमच्याकडे पाणी नेमकं कुठून बाहेर यायचं, पाऊस सुरू झाल्यावर किती वेळाने, कारण काय निघालं आणि केलेला उपाय टिकला का, हे सविस्तर लिहा. फसलेले उपायही लिहा, त्यांचा जास्त उपयोग होतो.

पाणसळ

आमच्याकडे ब्रॅकेट सगळ्या जागच्या जागी होत्या, ढाळच उलटा होता. बसवणाऱ्याने पन्हळ छपराच्या कडेला समांतर धरली. दिसायला सुरेख सरळ रेषा. पण जुन्या घराची कडच एका बाजूला खचलेली, आणि पाईप नेमका वरच्या बाजूला. नजरेला हे कळत नाही, कारण नजर छपराशी तुलना करते.

मी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी मोजली. गवंडी लेव्हल पाईप म्हणतात तीच नळी. आत हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर माप चुकतं. १२ मीटर लांबीत पाईपाकडचं टोक १५ मिमी वर निघालं! पन्हळीत पाणी साठून राहायचं, गाळ तळाशी बसायचा, आणि मोठी सर आली की उरलेली जागा पाच मिनिटांत भरायची.

साधारण ३ मीटरला १० मिमी उतार पुरतो. पण १२ मीटरला एकाच दिशेने तो द्यायचा तर शेवटाला पन्हळ ४० मिमी खाली जाते, छपराची कड आणि पन्हळ यांत फट पडते आणि वाऱ्याने पाणी मागे जातं. म्हणून मधला बिंदू उंच ठेवला, दोन्हीकडे २० मिमी उतार दिला आणि दुसऱ्या टोकाला एक पाईप वाढवला. आधी दोरी ताणून घेतली, मग दर ६० सेंटिमीटरवर ब्रॅकेट मारली. चार पावसाळे झाले, तक्रार नाही.

एकमजली

आमचा पाईप एल्बोमध्ये, म्हणजे वळणाच्या तुकड्यात, तुंबला होता. लाकडी दांड्याने पाईपावर खालून वर टकटक करत गेलो. खाली पोकळ आवाज, एल्बोच्या जरा वर आल्यावर भरीव. तिथंच पाणी अडलेलं. एल्बो काढला तर आत पक्ष्याच्या घरट्याच्या काड्या आणि एक लहान चेंडू. आधी वरून पाण्याचा जोर मारून बघितला होता, त्याने काड्या आणखी घट्ट बसल्या. पाईपात काही अडकलं तर शक्यतो खालच्या तोंडातून वर रेटा.

हिशेबी

आमचा अनुभव वेगळा. पन्हळ स्वच्छ, उतार बरोबर, पाईप मोकळा, तरी मोठ्या पावसात दहाव्या मिनिटाला सगळ्या लांबीभर पाणी बाहेर. मग कागद घेऊन बसले. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. छपराचा आडवा पसारा, म्हणजे वरून बघितल्यावर दिसेल तेवढं क्षेत्र, एका बाजूचं ८० चौरस मीटर. तासाला ९० मिमीच्या वेगाची सर धरली तर ७२०० लिटर, म्हणजे मिनिटाला १२० लिटर. दर सेकंदाला दोन लिटर पाणी एका ७५ मिमी पाईपात जायला हवं. त्यात नंतर बांधलेल्या वरच्या खोलीचं छप्परही याच पन्हळीत सोडलेलं, ते तर मी धरलंच नव्हतं.

पाईप बदलून ११० मिमी घातला. तोंडाचं क्षेत्र दुपटीहून जास्त होतं. आणि पहिल्याच पावसात पुन्हा तेच! कारण पन्हळीच्या तळाला पाडलेलं भोक जुन्याच मापाचं राहिलं होतं. पाणी त्या भोकातून जाईल तेवढंच जाणार, खाली पाईप कितीही मोठा असला तरी. भोक मोठं करून घेतलं आणि वरच्या खोलीचा पाईप वेगळा काढून थेट जमिनीवर आणला, तेव्हा सुटका झाली.

वळचण

हिशेबीताईंचं वाचून सांगावंसं वाटलं की आमचं दुखणं बरोबर उलटं होतं. मुसळधार पावसात काही नाही, आणि रिमझिम असली की पन्हळीमागची फळी चिंब. फळी कुजली तरी आम्ही पन्हळ गळते असंच समजत होतो आणि सांध्यांना डांबर फासत होतो.

एका कोरड्या दिवशी मुलाला तांब्याने पत्र्यावर पाणी सोडायला सांगितलं आणि मी खालून बघत राहिले. भसकन ओतलं की पाणी कडेवरून उडी मारून नीट पन्हळीत. अगदी बारीक धार सोडली की थेंब पत्र्याच्या कडेला लोंबायचा, पडायच्या ऐवजी वळून पत्र्याच्या पोटाला चिकटायचा आणि मागे मागे सरकत फळीवर उतरायचा. बोट लावलं तर बोटावरूनही तसाच मागे यायचा. पत्र्याची कड पन्हळीत पुरेशी पुढे आलेलीच नव्हती.

वाकवलेली पत्र्याची पट्टी छपराच्या कडेखाली सरकवून तिचा खालचा ओठ पन्हळीच्या आत सोडला. थेंब आता त्या ओठावरून सुटतो. कड पुढे हवी म्हणून फार पुढेही नको, पन्हळीच्या रुंदीच्या एक तृतीयांशापर्यंत बरी. त्याहून पुढे असली की जोराच्या पावसात पाणी पन्हळ ओलांडून जातं, हे शेजारच्या घरी बघितलंय.

कोपऱ्यावरचं घर

इंग्रजी एल आकाराच्या घरात दोन उतार आत मिळतात त्या घळीत दोन्ही छपरांचं पाणी एकवटून तोफेसारखं येतं. आमच्याकडे फक्त तिथंच पाणी पन्हळीवरून उडायचं. पन्हळीच्या बाहेरच्या काठाला कोपऱ्यात हातभर लांबीचा उभा पत्रा रिव्हेटने जोडला. पाणी त्यावर आपटतं आणि पन्हळीत पडतं. पाईप कोपऱ्याच्या जवळ असता तर आणखी बरं झालं असतं.

जाळीवाला

पानं पडू नयेत म्हणून मी संपूर्ण पन्हळीवर सपाट जाळी बसवली. पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या वर्षी ओली रुंद पानं जाळीवर कागदासारखी चिकटली आणि पाणी त्यांच्यावरून घसरून थेट बाहेर. शिवाय आतला गाळ काढायचा तर आधी जाळी सोडवा. सगळी काढून टाकली. आता फक्त पाईपाच्या तोंडावर घुमटासारखी तारेची टोपी आहे. भोवती पानं जमली तरी वरून पाणी आत जातं. पन्हळ मात्र हाताने साफ करावीच लागते.

देवराई

जाळीच्या बाबतीत मी सहमत नाही, दादा. आमच्यावर सुईसारख्या पानांची झाडं आहेत. त्या सुया घुमटाच्या तारांत अडकून चटईच विणतात. आम्ही अगदी बारीक जाळी छपराच्या उताराच्याच कलाने तिरकी लावली, तर वाळल्यावर सुया वाऱ्याने उडून जातात. झाड कोणतं ते बघून ठरवायला हवं.

सांधेदुखी

प्लॅस्टिकच्या पन्हळी घेणाऱ्यांसाठी. १० मीटर लांबीची पीव्हीसी पन्हळ ३० अंशांच्या फरकाने जवळपास दोन सेंटिमीटर वाढते-आखडते. आमचे सांधे घट्ट चिकटवलेले, उन्हाळ्यात पन्हळ धनुष्यासारखी वाकली आणि क्लिपा निघाल्या. सांध्यात सरकायला जागा सोडलीच पाहिजे.

आणि जस्ताच्या पत्र्यावर सांधे बुजवायला व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन लावू नका, ते जस्त खातं. न्यूट्रल सिलिकॉन मिळतं, ते वापरा, तेही जागा घासून पूर्ण कोरडी झाल्यावरच.

आई

शिडीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्या ह्यांनी शिडी पन्हळीलाच टेकवली. पन्हळ वाकली, शिडी सरकली, मनगट मोडलं. शिडी भिंतीला टेकवावी, उंची चार हात तर पाया भिंतीपासून एक हात लांब. खाली धरायला माणूस हवंच. विजेची तार जवळ असेल तर स्वतः चढूच नका. पाऊस बघायचा तो जमिनीवरूनच.

नवीन घर

आमच्या पन्हळीतून पाणी ओसंडत नाही, पण पाऊस थांबल्यावर आठ-आठ दिवस तळाशी पाणी राहतं. हे चालेल का?

पाणसळ

नाही. तेवढ्या दिवसांत डासांच्या अळ्या होतात. झोळ कुठे आहे ते शोधा, पाणी उभं राहिलेल्या जागेवर खडूने खूण करा आणि तिथली ब्रॅकेट उचला.

पुन्हा मी

सगळ्यांचे मनापासून आभार. सुटलेली ब्रॅकेट नव्या जागी, वाशाच्या भरीव लाकडात बसवली आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक वाढवली. नळीने पातळी घेतली, उतार जुळला. हे करताना लक्षात आलं की आमच्या पन्हळीचा बाहेरचा काठ आतल्यापेक्षा उंच होता, म्हणजे भरली की पाणी भिंतीकडेच येणार. आता बाहेरचा काठ बोटभर खाली आहे. उतरत्या पाईपाचं पाणीही पायाशी पडायचं, ते दोन मीटर लांब नेलं.

काल रात्री मोठा पाऊस झाला. टॉर्च घेऊन मागे गेलो. भिंत कोरडी होती. पाईपातून खळखळ आवाज येत होता, आणि उजव्या कोपऱ्यातल्या सांध्यातून मात्र थेंब थेंब गळत होतं. ऊन पडून जागा सुकली की तिथं न्यूट्रल सिलिकॉन लावणार आहे.