निवांत रविवार: हातकाम, पायपीट आणि नाटक, एका दिवसात जमतं की नुसती हौस?

ओव्हलकाठी
मंडळी, जरा वाद घालूया. आपला रविवार एकतर मॉलमध्ये जातो नाहीतर सोफ्यावर मोबाइल घेऊन, आणि सोमवारी आपणच बोंबलतो की सुट्टी कुठे गेली कळलं नाही. माझं मत असं की सकाळी मुंबईत पायी फिरावं, दुपारी हाताने काहीतरी करावं (मी गोधडी शिवतो, हसू नका, जुन्या सुती साड्या आणि धावदोरा एवढंच भांडवल) आणि संध्याकाळी नाटक बघावं. तिन्ही आरामात बसतं.

रविवारी सकाळी फोर्टात गर्दी नसते म्हणून मान वर करून बघता तरी येतं, एरवी माणसं आणि टॅक्सी चुकवण्यातच सगळं लक्ष जातं. ओव्हल मैदानाच्या एका अंगाला राजाबाई टॉवर, हायकोर्ट, सगळं गॉथिक (टोकदार कमानी, उंच मनोरे), आणि पलीकडे 1930 च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती, गोलाकार बाल्कन्या, खिडक्यांवर भुवयांसारखे सज्जे, आणि मधे पोरांच्या एकात एक घुसलेल्या क्रिकेटच्या मॅचेस. 2018 ला युनेस्कोने ह्या सगळ्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, बघायला तिकीट मात्र नाही. तिथून काळा घोड्याला या, एस्प्लनेड मॅन्शनची आज काय अवस्था आहे ती बघा, हेच जुनं वॉटसन हॉटेल, 7 जुलै 1896 ला ल्युमिएर बंधूंची चलचित्रं आपल्याकडे पहिल्यांदा इथे दाखवली, तिकीट एक रुपया. मग जहांगीर आर्ट गॅलरीत तासभर, तेही फुकट. आणि आता मेट्रो 3 झाल्यापासून हुतात्मा चौकातून दादरला यायला घाम पण येत नाही, म्हणजे शिवाजी मंदिर नाट्यगृहातला प्रयोग गाठता येतो. सांगा, काय चुकलं?

सेंट्रलवाली
चुकलं काही नाही हो दादा, फक्त तुम्ही राहता चर्चगेटच्या आसपास असं दिसतंय 😀 मी डोंबिवलीची. रविवारी साधारण अकरा ते चार मेगाब्लॉक (रुळांच्या दुरुस्तीसाठी), स्लो गाड्या फास्टवर, आपलं स्टेशन वगळलंय का ते घोषणा ऐकून ठरवायचं, गाडी उशिरा आणि गर्दी ऑफिसच्या दिवसाला लाजवेल अशी. आठवडाभर ज्या प्रवासाने जीव नको होतो तोच सातव्या दिवशी हौसेने करायचा?

आणि हातकामाचं म्हणाल तर माझं क्रोशाचं विणकाम रोज लेडीज डब्यात होतं. साखळीचे टाके उभ्याने पण घालता येतात, खांबांना (उंच टाक्यांना) जरा सीट लागते. अख्खं तोरण झालंय तिथे, शेजारणीने मध्येच हातातून घेऊन दोन ओळी चुकवून दिल्या त्यासकट. रविवारी मला झोप हवी आणि भांडी दुसऱ्या कोणीतरी घासलेली हवीत. तुमची गोधडी दुपारी होते तेव्हा जेवण कोण करतं हे पण लिहा की.

मणी_आणि_लेस
सेंट्रलवाली ताई जेवणाच्या मुद्द्याला प्लस वन, पण डब्यातल्या विणकामाला हातकामाचा निवांतपणा म्हणणं मला पटत नाही, तो वेळ ढकलायचा उपाय झाला, कामाला आख्खा वेळ मिळायला हवा, उसवायला सुद्धा.

ओव्हलकाठी, तुमच्या प्लॅनमध्ये सामान कुठून आणायचं ते नाहीच. रविवारी मंगलदास मार्केट बंद, अब्दुल रेहमान स्ट्रीटवर पण बहुतेक शटर खाली. ज्याला कापड, मणी, टिकल्या, लेस घ्यायचीय त्याने शनिवारीच क्रॉफर्ड मार्केट ते भुलेश्वर पायी करावं, आणि माझ्या मते खरी शहराची सफर तीच. एका गल्लीत नुसती बटणं, पुढच्या गल्लीत नुसत्या पूजेच्या वस्तू, दुकानदार मीटरपट्टीने मोजता मोजता तुमचं काम विचारतो आणि ह्या कापडाला ही लेस आटेल असं फुकट सांगतो. तुमच्या गॉथिक खांबांशी कोण बोलतं?

शनिवारची_सुट्टी_नाही
हे सगळं आता इन्स्टावर टाकण्यासाठीच चाललंय. हजाराच्या वर पैसे मोजून क्रोशे वर्कशॉप, मग हेरिटेज वॉक, मग नाटकाच्या तिकिटाचा फोटो. निवांतपणाचं पण टार्गेट. माझा रविवार: मटण, झोप, संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसणे. खर्च मटणाचा.

वाडीतला
गिरगावातून लिहितोय. चालायला या, पण खोताच्या वाडीत जी मोजकी लाकडी घरं उरलीत त्यात माणसं राहतात हो, सेट नाही तो. रविवारी सकाळी आम्ही बनियनवर चहा घेत असतो आणि वीस जणांचा घोळका जिन्याचे फोटो काढतो. केशवजी नाईक चाळीत पण तेच, 1893 पासूनचा गणपती आहे म्हणून बघायला येतात, ते ठीक, पण निदान हळू तरी बोला.

तरी एक सांगतो, गाइडबरोबर येणारे निदान चार वाक्यं ऐकून तरी जातात. एकेकटे येतात ते थेट दारात.

विंगेतून
मी बॅकस्टेजला आहे. तुमचा निवांत रविवार आमचा सगळ्यात घाईचा. दुपारचा प्रयोग एका थिएटरला, रात्रीचा दुसरीकडे. पडदा पडला की प्रेक्षक वड्याची चव कशी होती ते बोलत बाहेर पडतात, तोवर आम्ही नेपथ्य खोलून टेम्पोत भरायला घेतलेलं असतं, मग सिग्नल, ट्रॅफिक, तिथे पुन्हा उतरवा, लावा, लाइट बघा, तोवर हाउसचे दरवाजे उघडायची वेळ. म्हणून एवढीच विनंती, दिवसभर भटकून दमलेला माणूस घेऊन येऊ नका, तो तिसऱ्या घंटेनंतर मोबाइलच्या उजेडात सीट शोधतो आणि पहिल्या अंकात घोरतो. आम्हाला विंगेत ऐकू येतं.

खर्चाबद्दल: पाचशेपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही, म्हणून बऱ्याच नाटकांचे वरचे दर तिथेच अडकलेले असतात. बाल्कनी त्याहून स्वस्त. मल्टिप्लेक्सचे पॉपकॉर्न धरून हिशोब करा आणि मग महाग म्हणा.

ओव्हलकाठी
सगळ्यांना एकदम उत्तर देतो. जेवण: रविवारी मी करतो, खिचडी-कढी, त्यामुळे मुलं नाराज असतात पण दुपार मोकळी मिळते. राहतो विक्रोळीला, चर्चगेटला नाही, आणि ब्लॉकच्या आधी निघतो. विंगेतून, तुमचा मुद्दा मोठा आहे, पण पूर्वी संगीत नाटकं रात्रभर चालायची आणि लोक पाच अंक बसायचे, आता अडीच तास आणि दोन अंक, तेवढं जागं राहायला सकाळी चालल्याने काय बिघडतं? मी तरी उलटच म्हणेन, दिवसभर सोफ्यावर पडलेला माणूस जास्त घोरतो.

टार्गेटवाले साहेब, कट्ट्यावर बसणं मला मान्य आहे. पण तुम्ही तिथे पण मोबाइलच बघत असाल तर मटणाचा मुद्दा बाद.

मणी_आणि_लेस
विक्रोळीहून आठच्या आत निघणारा माणूस निवांत कसा हे अजून समजलं नाही.

सेंट्रलवाली
खिचडीबद्दल पन्नास टक्के मार्क दिले. पण माझं म्हणणं तेच आहे, तुमचं शहर विक्रोळीच्या दक्षिणेला सुरू होतं. आमच्याकडे सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे, कल्याणला अत्रे रंगमंदिर आहे, तेच नट, तेच नाटक, आणि मध्यंतरात वड्यासाठी रांग पण तेवढीच. रिक्षाने दहा मिनिटं. पुढच्या रविवारी तुम्ही या इकडे, ब्लॉक चालू असताना, दुपारच्या प्रयोगाला. पोचलात तर वडा माझ्याकडून.

विंगेतून
कल्याणला येणार असाल तर टेम्पोत जागा आहे, पण सेट उचलावा लागेल.