उन्हात थांबली की पद्मिनी बंद पडते : चिखलदऱ्याच्या फेरीआधी काय तपासावं?

दारव्हेकर_११००
राजेहो, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तीन गाड्यांनी चिखलदऱ्याला जायचं ठरलं आहे. माझी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, एक अंबॅसिडर (१४८९ सीसी पेट्रोल) आणि एक जीप. दारव्हा, नेर, बडनेरा, अमरावती, परतवाडा आणि मग घाट. लेकरंबाळं धरून बारा माणसं.

पद्मिनीचं दुखणं असं आहे : सकाळी काही तक्रार नाही. दुपारी चहाला पंधरा-वीस मिनिटं उभी केली की सेल्फवर लगेच सुरू होते, दोन-तीनशे मीटर जाते, झटके मारते आणि बंद. अर्धा-पाऊण तास गेला की पुन्हा ठणठणीत. सोलेक्स कार्बोरेटर, टाकीतून पेट्रोल ओढणारा, इंजिनवर बसवलेला मूळ एसी कंपनीचा पंप, ठिणगीसाठी जुन्या पद्धतीचे पॉइंट-कंडेन्सर. एक मिस्त्री म्हणतो कॉईल बदला, दुसरा म्हणतो पंप बदला. आधी काय पाहावं? आणि जेवायला कुठे थांबावं तेही सांगा.

पॉइंट_कंडेन्सर
भाऊ, पैसे खर्च करायच्या आधी दोन मिनिटांची तपासणी करा. गाडी बंद पडली त्याच जागी एअर क्लीनर काढा, कार्बोरेटरच्या तोंडात पाहत हाताने ॲक्सिलरेटरचा लिव्हर एकदा पूर्ण दाबा. आत पेट्रोलची बारीक धार पडली तर पेट्रोल आहे, दोष करंटचा : कंडेन्सर, कॉईल, पॉइंट या क्रमाने पाहा. धार पडलीच नाही तर फ्लोटची वाटी, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल साठायची जागा, रिकामी आहे. हे करताना इग्निशन बंद ठेवा आणि जवळ कोणी बिडी पेटवणार नाही ते बघा.

तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून वाटी रिकामीच निघेल. गाडी लगेच सुरू होते ती वाटीत उरलेल्या पेट्रोलवर, आणि तेवढं संपेपर्यंतच चालते. कंडेन्सर गरम होऊन गेला तर गाडी दोन-तीनशे मीटरचा हिशोब पाळत नाही, कुठेही फटाके मारते.

कारण साधं आहे. चालत्या गाडीत फॅनची हवा पंपावरून जाते. इंजिन बंद केलं की हवा थांबते, पण ब्लॉक (इंजिनचं मुख्य धड) आणि मॅनिफोल्ड (त्याला जोडलेले हवेचे आणि धुराचे पाइप) यांची धग बॉनेटखाली कोंडते, आणि पुढची पंधरा-वीस मिनिटं पंप उलट जास्त तापतो. पेट्रोलचा हलका भाग ३५-४० अंशांपासूनच उकळायला लागतो. त्यात एसी पंप टाकीपासून पेट्रोल ओढून घेतो, म्हणजे त्या नळीत दाब कमी, आणि दाब कमी म्हणजे उकळणं आणखी सोपं. पंपात वाफ भरली की डायफ्राम, म्हणजे पंपातला पेट्रोल ढकलणारा लवचिक पडदा, नुसती वाफच दाबत बसतो.

म्हणून आधी हे तीन पाहा :

पंप आणि ब्लॉकच्या मधे उष्णता अडवणारा जाड तुकडा असतो. बऱ्याच गाड्यांत तो कधीतरी फुटलेला असतो आणि जागी नुसतं कागदी पॅकिंग लावलेलं असतं. मूळ जाडीचाच लावा. जास्त जाड लावला तर पंपाचा स्ट्रोक कमी होतो, पातळ लावला तर डायफ्राम जास्त ताणला जाऊन लवकर फाटतो. कार्बोरेटरखालीही असाच तुकडा असतो, तोही तपासा.

पंपाकडून कार्बोरेटरकडे जाणारी नळी मॅनिफोल्डला टेकली नाही ना? दोन बोटं तरी अंतर पाहिजे.

तिसरं, डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी वाढलेली दिसत असेल तर डायफ्रामला भोक आहे. तसं ऑइल घालून घाट चढू नका, बेअरिंग जातात. डायफ्राम आणि ऑइल दोन्ही बदला.

वऱ्हाडी_अंबॅसिडर
वरचं सगळं बरोबर. त्यात इथेनॉलचं जोडतो, कारण आता पेट्रोलपंपावर २० टक्के इथेनॉलवालंच पेट्रोल मिळतं. जुने रबरी होज (नळ्या) त्याने फुगतात, मऊ पडतात, आतून सोलतात आणि ती काळी भुकटी जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकात, अडकते. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी तुकडे बदला. होजवर 'जे३० आर९' हा दर्जाचा शिक्का छापलेला पाहून घ्या. डायफ्रामचं किटही इथेनॉलला चालणारं आहे का ते विचारूनच घ्या, दुकानात वर्षानुवर्षं पडलेलं जुनं किट नको.

दुसरं, इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्या जेटवर हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, म्हणजे मिश्रण पातळ होतं आणि इंजिन गरम चालतं. प्लग काढून पाहा. पांढरेफटक असतील तर मेन जेट एक नंबर मोठा टाका. १२० असेल तर १२५. त्यापुढे जाऊ नका : १२० वरून १२५ म्हणजेच भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्के वाढतं. चिखलदरा साधारण ११०० मीटरवर आहे, तिथे हवा विरळ, मिश्रण आपोआप थोडं जाड होतं. वर गेल्यावर आयडलिंग जड वाटलं तरी स्क्रूला हात लावू नका, खाली उतरल्यावर पुन्हा जागेवर येतं.

दारव्हेकर_११००
काकाजी, टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवला तर कायमची कटकट जाईल का? आणि नळीला लाकडी चिमटे लावतात, पंपावर पाणी टाकतात, त्याचा उपयोग होतो का?

पॉइंट_कंडेन्सर
इलेक्ट्रिक पंपाने फरक नक्की पडतो, कारण पेट्रोल ओढलं न जाता मागून ढकललं जातं. पण कार्बोरेटरसाठीचा, दोन ते तीन पीएसआय दाबाचाच घ्या. इंजेक्शनच्या गाडीचा पंप कितीतरी पट दाबाचा असतो, तो फ्लोटची सुई (वाटी भरली की पेट्रोल अडवणारी) उचलून धरतो आणि पेट्रोल थेट गरम मॅनिफोल्डवर सांडतं. गाडी पेटते त्याने. रिले, फ्यूज आणि ऑइल प्रेशरचा स्विच लावा, म्हणजे इंजिन बंद पडलं तर पंपही बंद. फिल्टर पंपाच्या आधी. तरी माझं मत, आधी वरच्या तीन गोष्टी करा. त्यानेच बहुतेक गाड्या सुधारतात.

चिमट्यांनी काही होत नाही. ओल्या कपड्याने मात्र होतं. आपल्याकडे मार्चमध्ये हवा कोरडी असते. जिथे कूलर चालतो तिथे ओला कपडाही चालतो. सुती फडकं पंपाला आणि नळीला गुंडाळा, साध्या पाण्याने भिजवा, वाळलं की पुन्हा भिजवा. फॅन आणि बेल्टपासून फडक्याचं टोक लांब बांधा. थंड पाण्याची बाटली तापलेल्या पंपावर किंवा मॅनिफोल्डवर ओतू नका, बीड तडकतं.

खारपाण_जीप
रेडिएटरचं कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. अमरावती, अकोला, बुलडाण्याचा पूर्णाकाठचा भाग खारपाणपट्ट्यात येतो, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं. तिथल्या बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालायचं नाही, क्षार नळ्यांत बसतो आणि मग घाटातच दगा देतो. घरून पाच लिटरची कॅन न्या : डिस्टिल्ड पाणी, त्यात तीस टक्के कूलंट. आपल्याकडे बर्फ पडत नाही, कूलंट फक्त गंज रोखायला हवं. टोपीचं रबर कडक झालं असेल तर टोपी बदला. दाब धरला नाही तर पाणी शंभरावरच उकळतं.

घाटात दुसरा गिअर. तिसऱ्यात कण्हत ओढली की फॅन हळू आणि इंजिनवर लोड जास्त. उतरतानाही दुसराच, कारण ड्रम ब्रेक तापले की पेडल टणक राहतं पण गाडी थांबत नाही. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल तर निघण्याआधी बदला. डॉट ३ प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू ताजं असताना २०५ अंश असतो, पाणी शोषल्यावर १४० वर येतो. त्यात वाफ झाली तर पेडल थेट खाली जातं.

रोडगे_वांगे
जेवणाचं नियोजन गाडीच्या तब्येतीवरूनच करा, भाऊ. वर लिहिल्याप्रमाणे पंधरा-वीस मिनिटांचा थांबा सगळ्यात वाईट. म्हणून एकतर पाच मिनिटं थांबा, नाहीतर दीड तास. पहाटे पाचला निघा, अमरावतीच्या पुढे ऊन चढायच्या आत पोचा. चहा घरून थर्मासमध्ये घ्या. मग परतवाड्याच्या अलीकडे ओळखीच्या वावरात रोडग्यांचा बेत टाका. गाड्या सावलीत, तोंड वाऱ्याकडे, बॉनेट उघडं.

बारा जणांना दोन किलो जाडसर दळलेली कणीक, २०० मिली तेलाचं मोहन, दोन चमचे ओवा, मीठ. घट्ट भिजवून अर्धा तास झाका. तीन छोट्या जाड पुऱ्या, मधे तेलाचा हात, एकावर एक ठेवून चौथ्या पारीत बंद करून गोल वळा. सत्तावीस-अठ्ठावीस रोडगे होतात. चाळीसेक गोवऱ्या पेटवा, धूर आणि ज्वाळ पूर्ण गेल्यावरच रोडगे ठेवा, नाहीतर वरून करपतात आणि आत कच्चे राहतात. पंधरा मिनिटं उलटसुलट, मग वीस मिनिटं गरम राखेत पुरून. फुटून तडा गेला की झाला. राख झटकून तुपात बुडवा. सोबत अडीच किलो वांग्याची भाजी, भाजलेलं सुकं खोबरं आणि खसखस वाटून, आणि तुरीचं वरण.

जाळ गाड्यांपासून तीसेक मीटर लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, नांगरलेल्या जागेवर. मार्चमध्ये धसकटं वाळलेली असतात, पाण्याच्या दोन बादल्या शेजारी ठेवा. घाट सुरू झाल्यावर चूल अजिबात नाही : मेळघाटात तो वणव्याचा काळ असतो आणि जंगलात जाळ करणं गुन्हा आहे.

मृग बहाराची संत्री त्या दिवसांत असतात, वाटेत घ्या. चिखलदऱ्यात गवळ्यांकडची रबडी खा.

दारव्हेकर_११००
आज पंप उतरवला. मधला तुकडा नव्हताच, नुसतं पॅकिंग होतं. ऑइलला वास नाही. तुकडा, होज आणि टोपीची यादी घेऊन उद्या यवतमाळला जातो. पंपाच्या बोल्टला पॅकिंगचं शेलॅक लावायचं का?

पॉइंट_कंडेन्सर
नको. दोन्ही बाजूंना कोरडं कागदी पॅकिंग, बोल्ट आलटून पालटून आवळा. शंभर किलोमीटर चालवल्यावर, गाडी थंड असताना, पुन्हा एकदा हात फिरवा. तुकडा दबतो.