बहुतेक लढाया हरूनही अमेरिकी वसाहतींनी स्वातंत्र्ययुद्ध कसे जिंकले?

प्रश्न – इतिहासवाचक

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा घटनाक्रम वाचताना एक कोडे मला सुटत नाही. ऑगस्ट १७७६ मध्ये लाँग आयलंडवर वॉशिंग्टन यांचा पराभव झाला आणि पाठोपाठ न्यूयॉर्क गेले. सप्टेंबर १७७७ मध्ये काँग्रेसचे, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधी सभेचे, ठाणे असलेले फिलाडेल्फिया इंग्रजांनी घेतले. मे १७८० मध्ये चार्ल्सटन येथे सुमारे ५,००० सैनिक शरण गेले. एवढे सगळे गमावूनही ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउनला शस्त्रे खाली ठेवण्याची वेळ आली ती इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसवर. शेतकऱ्यांनी आणि कारागिरांनी गनिमी काव्याने साम्राज्याला नमवले, असे काही जण सांगतात. फ्रेंच आरमार नसते तर काहीच झाले नसते, असे इतर काही जण म्हणतात. यांतले खरे कोणते? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर – जुनी पाने

या दोन्ही मतांत सर्वांत महत्त्वाची गोष्ट सुटते, ती म्हणजे खडे सैन्य टिकवणे. जे एक शहर पडले की सारा प्रतिकार कोसळेल, असे शहर तेरा वसाहतींमध्ये नव्हतेच. फिलाडेल्फिया गेल्यावर काँग्रेस यॉर्क नावाच्या लहानशा गावी जाऊन बसली आणि कारभार चालू राहिला. न्यूयॉर्कच्या पराभवानंतर वॉशिंग्टन यांनी ओळखले की भूभाग गेला तरी चालेल, पण सैन्य संपले तर बंड संपेल.

डिसेंबर १७७६ मध्ये ते खरोखरच संपत आले होते, कारण बऱ्याच सैनिकांच्या नोकरीची मुदत वर्षअखेरीस भरणार होती. म्हणूनच नाताळच्या रात्री बर्फाने भरलेली डेलावेअर नदी ओलांडून ट्रेंटनच्या हेसियन तुकडीवर, म्हणजे इंग्रजांनी जर्मनीतून भाड्याने आणलेल्या शिपायांवर, घातलेल्या छाप्याचे मोल त्या एका ठाण्यापुरते मोजता येत नाही. ३ जानेवारी १७७७ रोजी प्रिन्स्टनलाही विजय मिळाला आणि सैन्य विखुरले नाही.

पुढच्या हिवाळ्यात व्हॅली फोर्जच्या छावणीत सुमारे २,००० माणसे मेली, तीही लढाईत नव्हे तर रोगांनी. त्याच छावणीत बॅरन फॉन स्टॉयबेन या प्रशियन अधिकाऱ्याने सैन्याला शिस्तबद्ध कवाईत शिकवली. वॉशिंग्टन यांनी १७७७ च्या आरंभीच सैनिकांना देवी टोचण्याचा आदेश दिला होता, आणि माझ्या मते त्यांच्या कोणत्याही रणनिर्णयाइतकाच तो निर्णायक ठरला. टोचल्यावर माणूस काही आठवडे आजारी पडत असे, म्हणून शत्रूला सुगावा लागू न देता हे काम उरकणे भाग होते.

उत्तर – दक्षिणेचा अभ्यासक

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु मिलिशिया, म्हणजे गावोगावची नागरी पथके, बाजूला सारू नयेत. समोरासमोरच्या लढाईत ती अनेकदा पळाली, हे खरे. तथापि इंग्रज फौज पुढे सरकली की मागचा मुलूख पुन्हा या पथकांच्याच ताब्यात जात असे. राजनिष्ठ वसाहतवासीयांची संख्या कमी नव्हती. पण फौज निघून गेल्यावर आपले काय होईल, ही भीती असताना त्यांनी उघडपणे पुढे यावे तरी कसे?

याचा पुरेपूर उपयोग दक्षिणेत अमेरिकी सेनापती नॅथॅनिएल ग्रीन यांनी केला. मार्च १७८१ मध्ये गिलफर्ड कोर्टहाउस येथे ते हरले, पण कॉर्नवॉलिसची जवळजवळ चतुर्थांश फौज कामी आली किंवा जखमी झाली आणि त्याला विश्रांतीसाठी समुद्रकिनारा गाठावा लागला. ग्रीन यांनी त्यानंतरही एकही मोठी लढाई निर्विवाद जिंकली नाही. तरी वर्षअखेरीस खालच्या दक्षिणेत इंग्रजांकडे चार्ल्सटन, सव्हाना आणि त्यांचा परिसर एवढेच उरले. दलदलीतून छापे घालणाऱ्या फ्रान्सिस मॅरियन यांच्या टोळ्या आणि ग्रीन यांचे नियमित सैन्य एकमेकांच्या आधाराने लढत होते. गनिमी कावा म्हणायचा तर तो येथे दिसतो, आणि तोही खड्या सैन्याच्या जोडीनेच.

प्रश्नकर्ता – इतिहासवाचक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मग फ्रान्सचा वाटा नेमका किती मानावा? शत्रूला थकवणे मला समजले, परंतु थकलेला शत्रू शरण का आला?

उत्तर – जुनी पाने

कारण त्याची समुद्राची वाट बंद झाली. फ्रेंच दारूगोळा प्रारंभापासून गुपचूप येतच होता. उघड करार मात्र ६ फेब्रुवारी १७७८ रोजी झाला. ऑक्टोबर १७७७ मध्ये सॅराटोगाला इंग्रज सेनापती बर्गॉइनची संपूर्ण फौज शरण गेल्यावर, बंडखोर टिकतील याची पॅरिसला खात्री पटली होती. १७७९ मध्ये स्पेनही युद्धात उतरला आणि इंग्लंडला कॅरिबियन बेटे, जिब्राल्टर आणि थेट हिंदुस्थानापर्यंत जहाजे वाटावी लागली.

१७८१ च्या उन्हाळ्यात फ्रेंच अ‍ॅडमिरल द ग्रास कॅरिबियनमधून यॉर्कटाउनजवळच्या चेसापीकच्या उपसागरात येणार, पण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच थांबणार, असे कळले. वॉशिंग्टन आणि फ्रेंच सेनापती रोशांबो यांनी न्यूयॉर्कवर हल्ल्याची तयारी असल्याचा देखावा उभा केला, अगदी फौजेसाठी पाव भाजण्याच्या भट्ट्यासुद्धा बांधल्या, आणि सैन्य दक्षिणेकडे, यॉर्कटाउनच्या दिशेने, वळवले. ५ सप्टेंबरला द ग्रासने इंग्रज आरमाराला उपसागराच्या तोंडाशी रोखले. १९ ऑक्टोबरला कॉर्नवॉलिसची ७,००० हून अधिक माणसे शरण आली. वेढा घालणारे फ्रेंच सैनिक अमेरिकनांच्या जवळपास बरोबरीचे होते, म्हणून हा विजय दोघांचा आहे.

उत्तर – दक्षिणेचा अभ्यासक

एक पुरवणी आवश्यक वाटते. यॉर्कटाउननंतरही न्यूयॉर्क, चार्ल्सटन आणि सव्हाना इंग्रजांच्याच ताब्यात होती आणि लढण्यापुरती फौजही होती. संपली ती लंडनची तयारी. फेब्रुवारी १७८२ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सने अमेरिकेत चढाईचे युद्ध पुढे चालवण्याच्या विरोधात ठराव केला, मार्चमध्ये पंतप्रधान नॉर्थ पायउतार झाले, आणि ३ सप्टेंबर १७८३ च्या पॅरिस तहाने स्वातंत्र्य मान्य झाले. सॅराटोगा, ग्रीन यांची मोहीम आणि चेसापीक यांपैकी एक जरी घटना घडली नसती, तरी हा ठराव त्या वर्षी संमत झाला असता, असे मला वाटत नाही.