मोठ्या माणसांना इंग्लिश बोलायला-लिहायला कसं शिकवायचं?

भांडुपची_मास्तरीण:
नमस्कार मंडळी, आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये शनिवार-रविवार मोठ्यांसाठी इंग्लिशचा फुकट क्लास घेते. वॉचमन आहेत, डिलिव्हरीवाले आहेत, आणि दोन काकू ज्यांना नातवाच्या शाळेत टीचरशी बोलायचंय. सगळे मराठी मीडियमवाले, २००० च्या आधीचे, म्हणजे एबीसीडीच पाचवीत. गो-वेन्ट-गॉन घडाघडा म्हणतात पण काल काय केलं विचारलं की तोंडाला कुलूप. लिहायला दिलं तर घरून मोबाइलवर ट्रान्सलेट करून आणतात. काय करू?

परळकर:
४-३-२ करून बघा. विषय साधा, 'मी कामावर कसा येतो' वगैरे. जोडीदाराला चार मिनिटं सांगायचं, मग जोडीदार बदलून तेच तीन मिनिटांत, मग तिसऱ्याला दोन मिनिटांत. ऐकणारा नवीन असतो त्यामुळे कंटाळा येत नाही आणि तिसऱ्या वेळी शब्द शोधावे लागत नाहीत. भाषा कशी शिकवावी याचे अभ्यासक पॉल नेशन यांनी यावर बरंच लिहिलंय. अगदी नवख्यांना ३-२-१ द्या. आणि मध्ये टोकू नका हो, चुका वहीत टिपा, नंतर नाव न घेता फळ्यावर.

उगाच_एक_शंका:
पण तीच चूक तीनदा बोलली की पक्की होते ना? मी दोन फेऱ्यांच्या मध्ये एकच चूक घेतो, 'यस्टरडे आय गो' सारखी. ए, ॲन, द च्या नादी सध्या लागू नका, मराठीत तो प्रकारच नाही, ती चूक जाता जात नाही.

लोकलवाली:
लिहिणं वर्गातच, मोबाइल पिशवीत, आणि आत्ता जे बोलले तेच लिहायचं, म्हणजे ट्रान्सलेट करायला काही उरत नाही. 'आय बेग टू से' छाप अर्ज तर अजिबात नको (कोण लिहितं आता तसं?). वॉचमनना सुपरवायझरला शिफ्टचा मेसेज लिहू दे. आमच्याकडे एकाने लिहिलं 'सर फ्रायडे मॉर्निंग शिफ्ट'. मी विचारलं, हवी आहे की नको आहे? मग त्यानेच केलं, 'सर, कॅन आय डू मॉर्निंग शिफ्ट ऑन फ्रायडे? माय सन हॅज एक्झाम.' द राहिला, राहू दे, सरांना कळलं ना.

भांडुपची_मास्तरीण:
मस्त, या शनिवारी ३-२-१. पण काकू पुरुषांसमोर बोलायला लाजतात, तीन जोडीदार कुठून आणू?

परळकर:
सुरुवातीला काकू-काकू, आणि तिसरी तुम्हीच बसा की.