मदत हवी आहे: बाबा व्हेंटिलेटरवर आहेत, न्यूमोनिया होऊ नये म्हणून आम्ही काय बघावं?

घाटमाथा:

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचत असतो.

माझे बाबा (वय ६१) आठ दिवसांपासून पुण्यात आयसीयूत आहेत. जीबीएस, म्हणजे गिलेन-बॅरे सिंड्रोम, नसांवर हल्ला होऊन हातापायातला जोर जातो तो आजार. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, किरकटवाडी भागात साथ आली होती तेव्हा हे नाव पेपरात वाचलेलं, त्यापलीकडे काही ठाऊक नव्हतं. आधी पाय गेले, मग हात. तिसऱ्या दिवशी गिळता येईना आणि त्याच रात्री तोंडातून नळी घालून व्हेंटिलेटर लावला. आयव्हीआयजीचे (शिरेतून द्यायची अँटिबॉडीजची औषधं) ५ दिवस पूर्ण झालेत. शुद्ध पूर्ण आहे. डोळ्यांनी बोलतात, म्हणजे आम्ही तसं समजतो.

काल डॉक्टर म्हणाले, "आजार त्याच्या गतीनं उतरेल. आम्हाला धास्ती आहे ती छातीतल्या इन्फेक्शनची." तेव्हापासून डोक्यात तेच. आम्हाला सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं आत सोडतात. काल संध्याकाळी गेलो तर पलंग जवळजवळ सपाट होता. कुठेतरी वाचलं होतं की डोकं वर हवं, पण सिस्टर कामात होत्या, विचारायचा धीर झाला नाही.

हा न्यूमोनिया मशीनमधून येतो का? आधीच भारी अँटिबायोटिक सुरू करा म्हणावं का? पैसे लागले तरी चालतील. आणि गळ्याला छिद्र पाडायचं म्हणतायत, ते टाळावं का? आई त्या शब्दानंच रडते.

---

रात्रपाळी:

दादा, आधी एक घोट चहा घ्या. मी चौदा वर्षं आयसीयूत सिस्टर आहे.

पलंगाचं सांगते. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी, हे खरं. पण स्पंज, चादर बदलणं, कूस बदलणं यासाठी आम्ही थोडा वेळ सपाट करतो. तुम्ही नेमके तेव्हा गेला असाल. उद्याही तसाच दिसला तर विचारा. "सिस्टर, बाबांचं डोकं थोडं वर घ्यायचं का?" एवढंच. आवाज चढवू नका, कुणाला राग येणार नाही. उलट खरं सांगायचं तर दोन पेशंटमागे चार कामं असताना कुणी आठवण केली तर बरंच वाटतं.

अजून एक, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. पलंग ३० अंशांवर असतो, पण पेशंट घसरत घसरत खाली आलेला असतो. मग कंबरेऐवजी छातीत वाकतो, पोट दाबलं जातं. जीबीएसवाल्यांना हातापायात जोरच नसतो, ते स्वतःहून वर सरकत नाहीत. कंबर पलंगाच्या घडीपाशी आहे का, ते बघा.

---

मोगरीचा_वेल:

आमच्या काकांच्या वेळी मी रोज तीर्थ नेऊन चमच्यानं तोंडात घालायचे. तुम्हीही गंगाजल ठेवा, मनाला आधार वाटतो.

---

रात्रपाळी:

ताई, भावना कळते, पण हे अजिबात करू नका. त्यांना गिळताच येत नाही. घातलेला थेंब घशात साठतो आणि तिथून खाली उतरतो. कपाळाला अंगारा लावा, तीर्थाचं बोट हाताला लावा. तोंडात काहीही नाही.

---

ओपीडी_नंतर:

मी क्रिटिकल केअरमध्ये काम करतो. पेशंट न बघता उपचार सांगणार नाही, पण प्रश्नांची उत्तरं देतो.

मशीनला उगाच दोष मिळतो. खरी वाट करून देते ती नळी. आपला घसा एरवी दार लावून बसलेला असतो, खोकला राखण करतो. नळी गेली की दार उघडं आणि राखणदार झोपलेला. नळीच्या टोकाला एक फुगा असतो, त्याला आम्ही कफ म्हणतो. तोंडातली लाळ आणि पोटातून वर आलेला रस या फुग्याच्या डोक्यावर साचतो आणि कडेनं झिरपत फुप्फुसात जातो. नळीच्या आतही जंतूंचा थर बसतो. नळी घातल्यानंतर ४८ तास उलटल्यावर जो न्यूमोनिया होतो त्याला आम्ही व्हीएपी म्हणतो. तुमच्या बाबांची लाळ तयार होतेच आहे, फक्त गिळली जात नाही. म्हणून जीबीएसमध्ये तोंडाची निगा जास्तच जपावी लागते.

तेव्हा सगळा खेळ त्या फुग्याच्या वर काय साचतं आणि खाली काय जातं याचा आहे. फुग्याचा दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका हवा. कमी झाला तर झिरपतं, जास्त झाला तर श्वासनलिका दुखावते. तो हाताच्या अंदाजानं कळत नाही, छोटं गेज लावून पाळीला मोजतात. काही नळ्यांना फुग्यावरचं साचलेलं ओढून घ्यायला वेगळी वाहिनी असते. तशी नळी आता मध्येच बदलून घालायच्या मागे लागू नका, बदलण्यातही धोका असतो. पण ट्रेकिओस्टोमी (तुम्ही म्हणता ते गळ्याचं छिद्र) झालीच तर "तसली ट्यूब मिळते का" हे आधी विचारून ठेवा.

आणि दर दोन-चार दिवसांनी मशीनचे पाईप बदलून मागू नका. घाण झाले किंवा बिघडले तरच बदलायचे असतात, उगाच उघडझाप नको. पाईपमध्ये साचलेलं पाणी मात्र बाबांच्या दिशेनं वाहू नये.

अँटिबायोटिक: नको. "आधीच भारी चालू करा" हा आग्रह मी रोज ऐकतो. आपल्या आयसीयूंमध्ये अ‍ॅसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला या जंतूंवर एकेक औषध निकामी होत चाललंय. आधीच दिलं की साधे जंतू मरतात आणि राहतात ते कोलिस्टिनच्या, म्हणजे शेवटच्या उपायाच्या औषधाच्या, दारात नेऊन उभे करणारे. फ्रान्समध्ये ३ दिवस अमिकासिन नेब्युलायझरमधून देऊन व्हीएपी कमी झाल्याचा अभ्यास २०२३ मध्ये आला. पण तो निर्णय युनिटनं घ्यायचा असतो, नातेवाइकांनी औषधाच्या चिठ्ठीवर लिहून मागायचा नाही.

---

रात्रपाळी:

डॉक्टर, आमच्याकडे तोंडाला अजून क्लोरहेक्सिडिनच (जंतुनाशक द्रव) लावतात. बाटली पलंगाच्या कडेलाच असते.

---

ओपीडी_नंतर:

बहुतेक ठिकाणी असते. वर्षानुवर्षं तेच शिकवलं गेलं. पण २०२२ मध्ये अमेरिकेतल्या संसर्ग-नियंत्रण संघटनांनी नवी शिफारस काढली, तीत ते वगळलं. फायदा पक्का दिसत नाही आणि त्यानं मृत्यू वाढतात की काय अशी शंका आली. त्याऐवजी साधा ब्रश आला. पुढे १५ चाचण्या एकत्र केलेलं विश्लेषणही आलं. दात घासलेल्यांमध्ये न्यूमोनिया कमी, आणि व्हेंटिलेटरवरच्या पेशंटना तो फायदा ठळक. मऊ ब्रश, शेजारी सक्शन (लाळ ओढून घ्यायची नळी), दिवसातून दोनदा. एवढ्या स्वस्त गोष्टीसाठी कंपनीचा कुणी प्रतिनिधी येऊन डॉक्टरांना पेन देत नाही, म्हणून मागे पडते असं माझं आपलं मत.

घाटमाथा, ब्रश तुम्ही स्वतः करू नका. आणून द्या.

इतर पेशंटमध्ये झोपेचं औषध रोज थांबवून बघणं आणि स्वतःच्या श्वासाची परीक्षा घेणं हा प्रतिबंधाचा मोठा भाग असतो. नळीचे दिवस कमी म्हणजे धोका कमी. तुमच्या बाबांना मुळात गुंगीचं औषध फारसं लागत नसावं, अडचण स्नायूंची आहे. त्यामुळे तुमचा रोजचा प्रश्न असा असावा: "आज मान उचलली का? खोकल्याला जोर आला का?" रक्ताच्या आकड्यांपेक्षा ही उत्तरं तुम्हाला जास्त सांगतील.

गळ्याच्या छिद्राचं. दोन आठवड्यांत मशीन सुटायची चिन्हं नसतील तर जीबीएसमध्ये ते बहुधा लागतंच. त्यानं न्यूमोनिया हमखास टळतो असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. पण तोंड मोकळं होतं, दात नीट घासता येतात, जागा असलेल्या माणसाचा त्रास खूप कमी होतो, खुर्चीत बसवता येतं. आईंना सांगा, काम झालं की नळी काढतात आणि छिद्र बहुतेक आपोआप भरून येतं. जन्माचं नसतं.

---

तिठ्यावरचा:

माझी बायको २३ दिवस मशीनवर होती, जीबीएसच. आता शाळेत शिकवते. तिनं नंतर सांगितलं, सगळं ऐकू यायचं. पलंगाशी उभे राहून आम्ही बिलाचं बोलायचो तेही. तेवढं बाहेर बोला. एक डोळा मिटणं म्हणजे हो, दोन्ही म्हणजे नाही, असं ठरवा आणि कागदावर लिहून पलंगाला चिकटवा म्हणजे पाळी बदलली तरी नव्या सिस्टरला कळेल. तिला "तोंडात लाळ साचलीय" एवढं सांगता येऊ लागलं तेव्हा सक्शन वेळेवर व्हायला लागलं.

आणि आत जाताना व बाहेर येताना हाताला सॅनिटायझर. आम्ही पहिल्या आठवड्यात फक्त जाताना लावायचो.

---

घाटमाथा:

सगळ्यांचे आभार. आज संध्याकाळी गेलो तर डोकं वर होतं, पण बाबा खरंच खाली घसरलेले होते. सिस्टरना म्हटलं, तर त्यांनी एका ब्रदरना हाक मारली आणि दोघांनी चादरीसकट वर ओढलं. दाब मोजता का विचारल्यावर त्या हसल्या आणि चार्टवरचा आकडा दाखवला. २६.

एक डोळा हो, दोन डोळे नाही, हे बाबांना समजावलं. पहिलाच प्रश्न विचारला, "दुखतंय का?" दोन्ही मिटले. मग आईनं विचारलं, "गळ्याचं करायचं का?" बराच वेळ काहीच नाही. मग एक मिटला.

परवा करायचं ठरलंय. त्या वाहिनीवाल्या ट्यूबचं विचारलं, मागवू म्हणाले. उद्या सकाळी ब्रश घेऊन जातो, लहान मुलांचा, मऊ.

---

रात्रपाळी:

दोन न्या. एक हरवतोच.