'टु विट' मधला 'विट' कोणता?

— एका इंग्रजी खरेदीखतात मालमत्तेच्या वर्णनाआधी 'टु विट' असं आलंय. 'विट' म्हणजे हजरजबाबीपणा, विनोदबुद्धी एवढंच मला ठाऊक. दस्तात त्याचं काय काम?

— आपल्या दस्तांत 'मिळकतीचे वर्णन येणेप्रमाणे' लिहितात ना, त्यातलं 'येणेप्रमाणे' म्हणजे हे 'टु विट'. इथे 'विट' हे नाम नसून क्रियापद आहे, अर्थ 'जाणणे'. जुन्या इंग्रजीत ते 'वितन' होतं. विनोदबुद्धीचा 'विट' याच घरातला. त्याचा मूळ अर्थ नुसती समज, अक्कल. थट्टेची छटा फार उशिरा चिकटली.

1611 च्या इंग्रजी बायबलात हे क्रियापद चांगलं हिंडतंफिरतं दिसतं. बाळ मोशेला लव्हाळ्याच्या पेटीत घालून नदीकाठी ठेवतात, तेव्हा त्याची बहीण लांब उभी राहते, 'टु विट', म्हणजे त्याचं पुढे काय होतं ते कळावं म्हणून. 'मी जाणतो' याला 'आय वॉट', आणि भूतकाळी 'विस्ट'.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. या 'वॉट'चं जुनं रूप 'वात', आणि ते संस्कृत 'वेद'चं सख्खं भावंड आहे. इथे 'वेद' म्हणजे ग्रंथ नव्हे, 'मी जाणतो' हे विद् धातूचं क्रियारूप. संस्कृतातल्या द च्या जागी इंग्रजीत ट येतो: दश–टेन, द्वि–टू, दन्त–टूथ. तसंच हे. अनेकवचनात स्वर बदलतो तोही दोन्हीकडे एकाच जागी: 'वेद'चं 'विद्म', 'वात'चं 'वितोन'.

गंमत पुढेच आहे. 'वेद' हे रूप घडणीने भूतकाळाचं, चकार ('केलं'), ददर्श ('पाहिलं') यांच्या पंगतीतलं (फक्त त्यांच्यासारखं सुरुवातीचं अक्षर दुणावलेलं नाही), पण अर्थ वर्तमानाचा. पाणिनीने त्यासाठी 'विदो लटो वा' (विद् धातूला वर्तमानकाळी हे भूतकाळी प्रत्यय विकल्पाने लागतात) असं वेगळं सूत्र दिलंय. जुन्या इंग्रजी 'वात'चीही हीच तऱ्हा. कारण मूळ धातूचा अर्थ 'पाहणे'. पाहिलंय, म्हणून आता जाणतो. लॅटिनमध्ये तो पाहण्याचा अर्थ टिकला, 'व्हिडिओ' म्हणजे तिथे 'मी पाहतो'. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. आई विचारते, 'कळलं का?' पोर म्हणतं, 'कळलं.' रूप भूतकाळी, पण सांगायचंय ते आत्ताचं.

— म्हणजे आपलं 'निवेदन'ही यातलंच?

— हो, तेही विद् धातूचंच: नि उपसर्ग आणि प्रयोजक रूप, म्हणून 'जाणवून देणे'. त्याच बायबलात प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिताना म्हणतो, 'वुई डू यू टु विट'. शब्दशः 'आम्ही तुम्हांला जाणते करतो'. मराठीत 'निवेदन करतो' म्हटलं की धातूसुद्धा तोच राहतो! जुन्या पत्रांतलं 'विदित व्हावे' यालाच लागून. विद्या, विद्वान, संवेदना तर आहेतच.

— आजच्या बोलण्यात हे क्रियापद उरलंय का?

— एकटं नाही. 'टु विट' दस्तांत आणि जरा ठाशीव लेखनात येतं. तुम्ही स्वतः लिहीत असाल तर इंग्रजी 'नेमली' (namely, म्हणजे 'अर्थात') वापरा, वाचणारा अडणार नाही. 'विटनेस' मात्र रोजचा शब्द आहे, त्याचा पहिला अर्थ 'जाणतेपण', साक्ष आणि साक्षीदार नंतर. आणि 'अनविटिंगली'. ते मराठीत आणताना 'अजाणतेपणी' चालेल, पण मी 'नकळत' लिहीन, कारण त्याची आणि 'अनविटिंगली'ची वीण एकच आहे: आधी नकार, मग 'जाणणे'चं चालू रूप.