फॉलोअप प्लॅनचा खरंच उपयोग होतो का?

परळकर: कॅन्सरची ट्रीटमेंट संपल्यावर पेशंटला 'फॉलोअप प्लॅन', म्हणजे काय ट्रीटमेंट झाली आणि पुढे काय तपासायचं याचा कागद, लिहून द्यायचा खटाटोप कशाला? कॅनडात ब्रेस्ट कॅन्सरच्या ४०८ बायकांवर अभ्यास झाला, २०११ ला छापून आला. प्लॅन मिळालेल्या आणि न मिळालेल्यांच्या मानसिक त्रासात फरकच नाही. डॉक्टरांचा वेळ वाचवा.

डोंबिवलीची लेक: वाचून डोकं उठलं म्हणून लिहितेय. अहो, त्यांनी मुख्य मोजलं काय, तर मनावरचा ताण! आणि प्लॅन न मिळालेल्यांनाही तिथे शेवटची नीट व्हिजिट होती, पुढे बघायला फॅमिली डॉक्टर ठरलेला होता. आमच्याकडे आईला जिना चढताना धाप लागायची, गल्लीतले डॉक्टर म्हणाले वय झालं, रक्त कमी असेल, लोहाच्या गोळ्या दिल्या, तिला लाल केमो झालीय हे त्यांना माहीतच नाही कारण ती जाडजूड फाईल कोण उघडणार. लाल केमो म्हणजे डॉक्सोरुबिसिन, त्याने हृदय कमजोर होऊ शकतं, तेही काही वर्षांनी. डोस किती झाला, टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, कधी करायचा, एवढं एका पानावर असतं तर? एको वेळेवर झाला का, ते मोजा ना.

परळकर: ताई, आईंचं वाचून वाईट वाटलं, पण एका घरावरून धोरण ठरत नाही. अमेरिकेत हॉस्पिटलच्या कॅन्सर विभागाला मान्यता मिळण्यासाठी प्लॅनची सक्ती होती, २०२० च्या निकषांत काढलीच ना?

खारघर_बाबा: टाटात लहान मुलांसाठी १९९१ पासून एसीटी (आफ्टर कम्प्लिशन ऑफ ट्रीटमेंट) क्लिनिक आहे. ट्रीटमेंट संपलेल्या मुलांना वर्षानुवर्षं बोलावून उशिरा होणारे त्रास तपासतात. ते काय उगाच?

ठाणे_स्लो: प्लॅन राहू दे, आधी लोकलच्या दिव्यांग डब्याचं बोला! कॅन्सर पेशंटला परवानगी आहे, पण डोक्यावर केस परत आले की कोणी मानत नाही. दादरला एक जण अंगावर आला, 'धडधाकट दिसताय, उतरा', भर गर्दीत फाईल काढून दाखवली तरी ऐकेना.

कुबडीवाला: मी पोलिओवाला, रोज दारात लटकतो. फुकटे घुसतात म्हणून आम्ही विचारतो, विचारायचं पण नाही का?

ठाणे_स्लो: म्हणजे मी फुकटी?

कुबडीवाला: तुम्हाला कोण म्हणालं! पण ट्रीटमेंट संपून वर्षं झाली तरी हक्क सांगणारे पण बघितलेत.

ठाणे_स्लो: ट्रीटमेंट संपली म्हणजे त्रास संपला होय? हाताला सूज आहे, वरची कडी धरता येत नाही मला!

कुबडीवाला: बरं, सूज असेल तर बसा. सगळ्यांचं नाही मानणार.

डोंबिवलीची लेक: हेच तर, सूज बाहेरून कुणाला दिसते? पानावर लिहिलेलं हवं.

परळकर: एकोचं मान्य, तेवढंच. डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी छापा, दहा पानी फॉर्म नको.

डोंबिवलीची लेक: दोन तर दोन, पण मराठीत, आणि त्रास झाला तर फोन कुणाला करायचा तो नंबर टाकून.